डब्यातली बोरं

कोल्हारच्या थांब्यावर राजनंदिनी नगरच्या बसची वाट बघत होती. मागच्या बाकावर दोघींचं बोलणं चाललं होतं.

"शरिफाभाभी, मी न्हाई येत नगरला. भाकरी केंद्राची नोंदणी म्हंजे लई मोठं काम."

"अन् एकट्या म्हाताऱ्यांच्या चुली पेटंनात म्हनून रडलं कोन, छबू?"

"मीच. पन बारा घरांच्या भाकरी एकटीनं..."

"एकटी म्हनं! दळन माझ्या गिरनीवर, थापायला पाच जनी."

"न्हाई जमलं तर गाव हसंल."

"हसू दे. तू भाकरी देतीस त्या म्हाताऱ्या कानिफनाथबाबांनी काल डबा परत दिला, तो पिशवीत तसाच हाय. उघडला का?"

"रिकामाच असंल की."

"रिकामा डबा कुनी परत देतं व्हय? उघड."

झाकण निघालं.

"अगं बया, बोरं! नीट दिसत न्हाई त्यांना... काट्यातनं चाचपून येचली असतील."

बस आली. डबा छातीशी धरून छबूबाई राजनंदिनीच्या आधी चढली.

"भाभी, आटपा की! जागा धरते."