लोणच्याची बरणी आणि आयनवाल्या यंत्राबाबत जबाब

दि. १२ जानेवारी २००१, इंदूर. जे ऑगस्टमध्येच नीट तपासून सांगायला हवं होतं ते आज सांगते आहे. या उशिराबद्दल आधी माफी मागते.

मी पंचशीला खंडारे, वय ४३, शिक्षण बी.एस्सी., धंदा खाजगी शिकवणी, राहणार पोलोग्राउंडजवळ, समक्ष सांगते, आणि ठाण्यात मराठी लिहिणारं कुणी नसल्याने ठाणेदारांच्या परवानगीने स्वतःच लिहिते, की इथली कापडगिरणी बंद होईपर्यंत मी तिथल्या प्रयोगशाळेत बारा वर्षं नोकरीला होते.

शेजारी बाबूराव त्याच गिरणीत कापसाच्या धुळीत काम करत. त्यांना दमा आहे. ऑगस्टमध्ये पलासियातील दुकानदार रघुवीर यांनी त्यांना हवेत ऋण आयन, म्हणजे ऋण वीजभाराचे कण, सोडून दमा घालवणारं यंत्र दाखवलं. बाबूराव म्हणाले, "ताई, तुम्ही हो म्हणाल तरच घेतो." आयन मोजण्याचं विदेशी मीटर आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून मी लोणच्याची काचेची बरणी, तांब्याची तार आणि चंदेरी वर्खाची दोन पानं, असं उपकरण जुळवलं. पानांना धन वीजभार दिला की ती फाकतात. हवेत ऋण आयन असले की मिटतात. यंत्रासमोर ती मिटली. मी हो म्हणाले. बाबूरावांनी यंत्र घेतलं आणि श्वासाचा पंप सोडला. सोडा असं मी म्हटलं नव्हतं. सोडू नका असंही म्हटलं नाही.

दमट हवेत पानं यंत्राशिवायही मिटतात. गिरणीत सूत वीजभाराने चिकटू नये म्हणून हवेत ओल सोडत, आणि ती ओल मोजणं हेच माझं काम होतं. घरी तेच विसरले. डिसेंबरच्या कोरड्या हवेत पुन्हा पाहिलं. यंत्रासमोर पानं अर्धा तास उघडीच राहिली. तोवर बाबूरावांना दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. चूक माझी, म्हणून बोलायला आणखी तीन आठवडे घेतले.

दि. १० रोजी दुकानात जाऊन यंत्र नकली असल्याचं मी ग्राहकांसमोर सांगितलं. मी ओरडले अशी रघुवीर यांची तक्रार आहे. आवाज चढला असेल. नक्की आठवत नाही.

आज ठाण्यात बाबूरावांनी आणलेलं यंत्र आणि माझी बरणी टेबलावर शेजारी ठेवली आणि भार देऊन पानं फाकवली. वीस मिनिटांत पान हललं नाही. रघुवीर म्हणाले, "साहब, इनकी बरनीच खराब है. अचार की है!" ज्योतीमुळे हवेत आयन तयार होतात, म्हणून बरणी ठीक आहे हे दाखवायला मी माचीस मागितली. ठाणेदारांनी स्वतः काडी पेटवून तारेजवळ धरली. पानं तत्काळ मिटली. मग यंत्र उघडायला लावलं. आत लहान पंखा आणि निळा दिवा, दुसरं काही नाही. ठाणेदार म्हणाले, "रघुवीरजी, इससे ज्यादा सामान तो हमारे कूलर में है."

रघुवीर यांनी तक्रार मागे घेतली. यंत्र जप्त झालं आणि बाबूरावांची तक्रार लिहून घेण्यात आली. बाबूराव धापा टाकत, पण मोठ्याने म्हणाले, "ताई, अचारच्या बरणीने रघुवीर भियाला चीत केलं!"

हवालदार श्रीराम यांनी हा मजकूर मला मोठ्याने वाचायला लावला. बाबूरावांनीही ऐकला. माझ्या चुकीचा भाग गाळलेला नाही. लिहिलं ते सगळं खरं आहे, म्हणून सही करते.

पंचशीला खंडारे

उद्या: बाबूरावांचा पंप आणणे.