तात्यांची शीळ

शीळ घालावी तर आमच्या ईट गावच्या तात्यांनी. हे माझे चुलते. तरुणपणी शीळ घालून तितर जवळ बोलवायचे आणि फाशात धरायचे. पुढं शिकार सोडली.

औंदा ज्वारी काढताना तितराचं घरटं उघडं पडलं, तर ह्यांनी अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली. नऊ पिल्लं निघाली राव! तात्यांनी शीळ घातली की दाण्यासाठी पळत यायची. मोठी झाल्यावर माळावर सोडली.

मी म्हणलं, "तात्या, फासेवाल्यानं शीळ घातली तरी ती अशीच पळत जातील."

तात्यांचा चेहराच पडला. दुसऱ्या दिवसापासून माळावर जाऊन शीळ घालायचे आणि तितर आले की काठी आपटत, शिव्या देत त्यांच्या मागं पळायचे. महिनाभर हेच. गाव म्हणालं, म्हातारं बिघडलं.

परवा त्यांचाच जुना चेला फासे घेऊन आला. सकाळभर माळावर शीळ घातली, एक तितर फिरकला नाही. शेवटी घामाघूम होऊन आमच्या ओट्यावर बसला.

"तात्या, तुम्ही शिकिवली तश्शीच शीळ घातली. एक बी येईना."

तात्यांनी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"तश्शीच घातलीस, म्हणून तर येईनात."