डब्यातला शब्द

—पी असतो ना त्या इंग्लिश शब्दात, पण बोलत नाही. आमच्या ह्यांच्यासारखा! सगळ्यात पुढे बसलेला, पण तोंड उघडायचं नाव नाही. नुसतं सॉल्टर म्हणजे मीठ पिकवणारा — आमच्या घरमालकीण इंदुबाई, खारी गावातल्या, त्यांचे सासरे सॉल्टर, मिठागरातच जन्म गेला — आणि पुढे तो मुका पी लावला की झालं देवाच्या गाण्यांचं पुस्तक. तो शब्द मुळात ग्रीक. वाद्याची तार छेडायची, त्यावरून आला. मीठ कुठे, तार कुठे! सरका ना ताई जरा, ऊन येतंय. तुमची मुलगी कितवीत? बरं, नसेल सांगायचं तर राहू दे. माझी चांदणी सातवीत, आतच आहे, इंग्लिश शब्दांच्या स्पर्धेला, स्पेलिंग सांगायचं. दोनशे पोरांतून बारा उरलीत. आज जिंकली की पुण्याला फायनल.

मला? मला कुठून येणार इंग्लिश! नववीत शाळा सुटली माझी, परभणीकडे. इथं हाटकेशला प्लास्टिकच्या कंपनीत पॅकिंगला आहे. तिथं एक मशीन आहे — लोखंडाची मोठमोठी लाटणी समजा, त्यातून प्लास्टिक पातळ होऊन निघतं. सगळे म्हणतात कॅलेंडर. नऊ वर्षं मी विचारतेय, अरे ह्याच्यात तारीख कुठंय? सुपरवायझर म्हणतो, वैजयंता मौसी, काम करो. मग चांदणीची ही शब्दांची यादी आली घरी, आणि बघते तर काय — दोन वेगळे शब्द! भिंतीवरच्याच्या शेवटी ए-आर, मशीनच्या ई-आर. भिंतीवरचा आला रोमन लोकांच्या महिन्याच्या पहिल्या दिवसावरून, आणि आमचं मशीन सिलिंडरचं भावंड! नऊ वर्षं शेजारी उभी राहिले आणि आत्ता कुठे ओळख झाली. हसले मी त्याच्याकडे बघून, खरंच.

तेव्हापासून वेडच लागलंय. ओट्याच्या टाइल्सवर शब्द चिकटवलेत. चांदणी म्हणते, आई, भाजी करपतेय. करपू दे! आधी पेट्रेल सांग. समुद्रावरचा पक्षी, पाण्यावर चालल्यासारखा उडतो, म्हणून पाण्यावर चाललेल्या एका संताचं नाव मिळालं म्हणे. आणि पेट्रोल? दगडातलं तेल. काशीमीऱ्याला हे बाइकमध्ये पेट्रोल भरत होते, मी पंपवाल्याला म्हटलं, भैया, ये पत्थर का तेल है. तेवढं एकदा ह्यांनी तोंड उघडलं — ‘बस मागे.’

पोरगी कंटाळलीये, खोटं कशाला बोलू. काल म्हणाली, उद्या हरले की हे सगळं बंद, मला कबड्डी खेळायचीये. म्हटलं खेळ बाई. पण ताई, तिनं बंद केलं तर मी कुणाबरोबर वाचू? मी एकटी पुस्तक घेऊन बसले तर घरात म्हणतील, ह्या वयात काय थेरं! पोरीचा अभ्यास घेतेय म्हटलं की सगळे गप. म्हणून तर तिच्या डब्यात रोज एक चिठ्ठी टाकते. चपातीच्या घडीत — तेल लागू नये म्हणून वर प्लास्टिक, आमच्याच कंपनीचं. एक शब्द, त्याचा अर्थ, कुठून आला ते. सहा महिने झाले, एक दिवस चुकला नाही. आजसुद्धा टाकलीये. आता सुट्टी होईल, उघडेल डबा, मग—

काय झालं? उठलात का?

हे गळ्यातलं कार्ड... ओढणीखाली होतं, दिसलंच नाही मला. तुम्ही परीक्षक? अगं बाई.

हो. वाचलंय. लिहिलेला कागद आत नेला तर बाद. गेटवर लिहिलंय, मीच वाचून दाखवलं तिला. पण मॅडम, सवयीनं टाकली हो. डबा भरताना हात आपोआप जातो, मुद्दाम नाही काही. तिनं अजून बघितलीही नसेल. तिला नका काढू. तिला काढलंत तर ती काय, हसत कबड्डीला पळेल — शिक्षा मलाच होईल. नववीला एकदा बाद झालेच आहे मी, अजून किती वेळा व्हायचं?

ऐकत नाही म्हणता. नियम म्हणजे नियम. बरोबर आहे तुमचं.

जा, घंटा झाली. उघडा तिचा डबा. फक्त चिठ्ठी फाडू नका, मला परत आणून द्या. त्यातला शब्द मला अजून पाठ व्हायचाय.