चौथं वचन

कृष्णात : आवं पाळकसाहेब, कोरायचं का न्हाई? कबरीचा दगूड घासून तयार हाय. मजकुराच्या कागदावर तुमची सही झाली की छिन्नी लावतो.

विश्वजीत : थांबा जरा. आकारामकाका, हे वचन नव्या भाषांतराच्या बायबलात नाहीच. योहान, पाचवा अध्याय. तिसऱ्या वचनानंतर एकदम पाचवं.

आकाराम : मग चवथं कुठं गेलं?

विश्वजीत : खाली, टिपेत. सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत ते नव्हतंच.

आकाराम : आमच्या बनुबाईनं तीस वर्सं रोज म्हटलं ते! तिच्या कबरीवर दुसरं काय घालू?

विश्वजीत : काका, तळ्याकाठचे आजारी लोक पाणी हलायची वाट का बघत होते, ते कुणीतरी समासात लिहून ठेवलं असावं. पुढच्या नक्कल करणाऱ्यानं ते आत घेतलं.

कृष्णात : त्याचं काय चुकलं? म्या बी केलंय. विट्याच्या एकांनी आईच्या समाधीचा मजकूर दिला. कडंला लिवलेलं, 'फुलं डाव्या अंगाला'. ती नक्षी सांगितली हुती. म्या अक्षरं कोरली.

विश्वजीत : अरे देवा! घरचे काय म्हणाले?

कृष्णात : काय म्हणत्यात? राहू दिलं. आता समदी डाव्या अंगालाच फुलं वाहत्यात. उजवीकडं वाहिली तर म्हातारी कोपती म्हणं.

विश्वजीत : हेच मी तीन वर्षं शिकलो, पुण्यात.

आकाराम : तुमी शिकलासा. तिला कोण सांगणार हुतं? लिवा कृष्णात. 'देवदूत येऊन पाणी हलवी, आनी जो जो उतरे तो बरा होई.'

विश्वजीत : 'जो पहिला उतरे तो', काका. जुन्या बायबलातसुद्धा 'पहिला' आहे.

आकाराम : तिच्या म्हणण्यात न्हाई.

विश्वजीत : म्हणजे नव्यात हे वचन नाही, आणि जुन्यात आहे ते असं नाही. मंडळीत मला विचारतील, कुठल्या बायबलातलं? काय सांगू?

कृष्णात : दगडावर आलं की कोण इचारत न्हाई, साहेब. शंभर वर्सांनी ह्योच पुरावा.

विश्वजीत : तीच तर भीती आहे.

आकाराम : भीती कसली? देवानं बरं करावं एवढंच लिवलंय. तिला केलं न्हाई, ते कुठं लिवलंय?

विश्वजीत : पण 'पहिला' का गाळलं काकूंनी? विसरल्या?

आकाराम : विसरंल कशी? मिरजेच्या दवाखान्यात बाकड्यावर बसून म्हणायची. पुढं तीस-चाळीस माणसं. आमचा नंबर कवा पयला आलाच न्हाई.

(विश्वजीत कागद पुढे ओढतो.)

विश्वजीत : सही कुठं करू?