पार्टीला नेलेलं ताट

माझी शोभा सौंसरच्या कॉलेजात नवीनच शिकायले जाऊ लागली होती, तवाची गोष्ट सांगते. मोठ्या पोरींनी नव्या पोरींसाठी पार्टी ठेवली. शोभा म्हणे, "आई, तिथं हसल्या ना मले, तर कॉलेजच सोडून देईन."

आता आमच्या बोरगावात पंगतीला जायचं म्हणजे ताट-गिलास घरूनच न्यायचं. म्हणून मी तिच्या पिशवीत पितळेचं ताट घातलं.

संध्याकाळी पोरगी घरी आली. मी भीतभीत विचारलं, "हसल्या का वं?"

"पोट धरधरून हसल्या! मंग त्याइच्या कागदाच्या प्लेटीतून रस्सा गळून कपड्यावर पडू लागला."

"मंग?"

"मंग काय, चौघीजणी माह्याच ताटात जेवल्या. उद्या डब्यात चार पोळ्या जास्त टाकजो!"