एकानं तरी का म्हणून इचारावं

मी मूळची खंडाळ्याची, लगीन होऊन हिकडं विट्याकडच्या गावात आले, अन हायस्कुलात सायन्सची बाई म्हणून लागले ती आजपातुर हितंच, औंदा रिटायर हुईन. काय सांगू तुमास्नी, आमच्या गावात घरटी एक माणूस गलाईला, म्हंजी सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, पार मद्रास-कोइमतूरकडं. त्यामुळं दहावीची पोरं वर्गात बसत्यात ती यष्टीची वाट बघत बसल्यागत. आरं अभ्यास करा म्हनलं की म्हनायची, बाई, आमास्नी कुठं सायेब व्हायचंय, मामाचं दुकान हाय की. लय चिडायची मी. घसा कोरडा पडस्तोवर बोलायची, पर पालथ्या घड्यावर पाणी.

आम्लाचा धडा आला की मला वाटायचं, आज तरी माना वर हुतील, ह्यांच्याच धंद्याचं हाय. तेजाबात चांदी इरगळती, सोनं इरगळत न्हाई, असं फळ्यावर लिवायची अन थांबायची. एकानं तरी ‘का?’ म्हणून इचारावं, बास, एवढीच आस. कुणी इचारलं न्हाई. रमेश म्हणून एक हुता, त्यो तर मागच्या बाकावर घोरायचा. उठवला तर म्हनला, मामा शिकवंल की बाई. त्या दिशी घरी जाऊन रडले मी, खोटं कशाला सांगू.

अन औंदाच्या जत्रंला, समदी गलाईवाली गावाकडं येत्यात तवा, ह्योच रमेश देवळाम्होरं माझ्या पाया पडला. केस पिकाय लागल्यात, बोटं तेजाबानं पिवळी. बायकूला म्हनला, ह्या आमच्या बाई. मी म्हनलं, बरं चाललंय न्हवं? व्हय म्हनला, पर जाईना, तितंच घुटमळला. मग हळूच म्हनला,

"बाई, एक इचारू का? चांदी इरगळती, मग सोनंच का न्हाई? मामाला इचारलं तर म्हनला, गप काम कर."

आवं, माझ्या डोळ्याला पाणीच आलं. देवळाच्या पायरीवर बसवून सांगितलं त्याला, पालखी म्होरनं निघून गेली तरी आमचं चाललंच हुतं, बायकू बिचारी ताटकळली.

आता थोडंच दिस ऱ्हायल्यात माझं. पोरं हायत तशीच हायत, कालबी दोघं पेंगत हुती, अन मी चिडलेबी. पर फळ्यावर लिवते अन थांबते, आदीगतच. इचारतील, कवा का हुईना इचारतील. तवा मी नसंन वर्गात, पर सांगणारं कुणीतरी भेटू दे बाबा त्यास्नी.