कायमचे नाही

...आणि वर मलाच विचारतात, दोन-दोन कशाला लावलीत! अहो, कशाला म्हणजे? वर कडी, मध्ये साखळी, खाली कुलूप, मग माणूस झोपतो. पन्नास वर्षं कुलपं केलीत मी. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या कपाटाची हरवलेली चावी करून दिली म्हणून चौथी, नाहीतर तिसरीच! पण तुम्हाला सांगतो, गावातली निम्मी दारं या हातांखालून गेलीत, आणि मला शिकवायला आलेत कॉम्प्युटरचं दार कसं लावायचं ते.

तर हा कॉम्प्युटर. पोरगी नोकरीला लांब गेली, जाताना ठेवून गेली. म्हणाली, "बाबा, दर रविवारी समोरासमोर बोलू." चांगलं आहे. आमचे फोन नुसते ऐकायचे, तोंड दिसत नाही. पण मी पहिला प्रश्न काय विचारला? "याला कुलूप कुठंय?" ती म्हणाली, "आत एक रखवालदार आहे, अँटिव्हायरस, तो बघतो सगळं." एक! साऱ्या घराला एक रखवालदार! आणि तो झोपला तर? आजारी पडला तर? फितूर झाला तर? ती गाडीत बसली आणि मी बाजारातून दुसरा आणून बसवला. मग आत शोधता शोधता एक भिंत सापडली, फायरवॉल म्हणतात तिला. तिनं विचारलं, पहारा कसा हवा: सौम्य, मध्यम, कडक? हा काय प्रश्न झाला? सौम्य पहारा कोण मागतो हो? चोर मागेल! मी दाबलं, कडक.

आणि मग सुरू झाली विचारपूस. दर दोन मिनिटांनी चौकट उघडते. "या कार्यक्रमाला आत येऊ द्यायचे का?" खाली तीन बटणं. हो. नाही. कायमचे नाही. शेवटचं लाल. तुम्हाला सांगतो, असं बटण मला दाराला हवं होतं आयुष्यभर! प्रिंटर म्हणाला, मी येऊ का? तू कुठला? शेजारच्या टेबलावरचा? असशील. कायमचे नाही. कुणी म्हणे सुधारणा घेऊन आलोय, सुरक्षेसाठी आवश्यक. सगळे भामटे असंच सांगत येतात, आवश्यक म्हणून. कायमचे नाही! आमची ही म्हणाली, "अहो, जरा वाचून तरी बघा काय लिहिलंय ते." म्हटलं, "ओळखीचा माणूस विचारत बसत नाही, सरळ आत येतो." पन्नास वर्षं कुलपं केलीत मी, माणूस कुठला ते दारावरच्या टकटकीवरून कळतं मला.

मशीन मात्र मंदावलं. एक अक्षर दाबा, चहा पिऊन या, मग ते उमटतं. ही म्हणे बिघडलंय. मी म्हटलं, तपासणी चाललीय. चोख तपासणीला वेळ लागतोच की!

आता रविवार. पोरीनं आईला सांगितलं होतं, बापाला नाही, की तिनं एक मुलगा पसंत केलाय, जमिनीचे नकाशे काढतो, आणि अकरा वाजता त्याच्या घरून, त्याच्याच कॉम्प्युटरवरून दोघं आमच्याशी बोलणार. मला एवढंच सांगितलं, "धुतलेला शर्ट घाला." घातला. ही आत केस विंचरतेय, मी एकटा पडद्यासमोर ताठ बसलोय, आणि अकराच्या ठोक्याला चौकट. "अनोळखी व्यक्ती तुमच्याशी जोडली जाऊ इच्छिते. भरवसा आहे का?"

आता तुम्हीच सांगा. अनोळखी. हे मी नाही म्हणालो, मशीन म्हणालं! मी दाबलं, नाही. पुन्हा आली. नाही! पुन्हा आली. म्हटलं, हा चिकट आहे, याला सोडायचं नाही. लाल बटण. कायमचे नाही. खाली बारीक अक्षरांत आलं, "तुमचा नकार समोरच्या व्यक्तीला कळवला आहे." म्हटलं, वा! कळवतातसुद्धा!

तेवढ्यात ही बाहेर आली, वेणी अर्धी. "आला का हो फोन?" म्हटलं, "पोरीचा नाही आला. एक भामटा आला होता, हाकलला."

हिच्या हातातला कंगवा खाली पडला.

आणि इकडे साधा फोन वाजला. पोरगी. "बाबा, बघायच्या आधीच? एकदा तोंड तरी बघायचं होतंत त्याचं! त्याची आई शेजारी बसली होती, बाबा! पडद्यावर एवढं मोठं आलं, समोरच्यानं तुम्हाला कायमचे नाकारले आहे!" मी म्हटलं, "अगं, ते मशीन..." "मशीननं बटण दाबलं?" आता... बटण मीच दाबलं होतं. खोटं मी बोलत नाही. ठेवला फोन तिनं. तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवसापर्यंत पोरगी माझ्याशी बोलली नाही. मी फोन उचलला की एकच, "आईला द्या." आवाज असा, की जणू चुकीच्या घरी लागलाय. एकुलती एक आहे हो. तिला कडेवर घेऊन दुकानात कानस चालवलीय मी.

सोमवारी हिनं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. बाई आल्या, चष्मा चढवला, पाच मिनिटं बघितलं, आणि म्हणाल्या, "काका, दोन रखवालदार एकाच दाराशी उभे केलेत तुम्ही. यानं त्याला चोर म्हणून धरलंय, त्यानं याला. दोघं एकमेकांची गचांडी सोडत नाहीत, आणि खरा चोर आला तर दार मोकळंच."

तसं... बरोबर होतं. दोन खटके एकमेकांत अडकले की चावी फिरत नाही, हे मी दुकानात शंभर गिऱ्हाइकांना सांगितलंय. पण त्यांच्यासमोर एवढंच म्हटलं, "हं."

"आधीचा एकच ठेवा, तो चांगला आहे. भिंत मध्यम ठेवा. सुधारणा येतात त्या येऊ द्या, गंजलेलं कुलूप कोणीही फोडतं. आणि रोजच्या वापराचं खातं वेगळं, बदल करायचं खातं वेगळं. बदल करणारा घरात एकच असावा, प्रशासक. तर प्रशासक कोण?"

मी तोंड उघडणार, त्याआधी ही म्हणाली, "मी."

"पन्नास वर्षं कुलपं केलीत मी..." मी म्हटलं.

"म्हणूनच," ही म्हणाली.

मग मी स्वतः पोरीला फोन केला. म्हटलं, "चूक झाली." दोनच शब्द, पण साठ वर्षांत काढले नव्हते. ती म्हणाली, "उद्या सातला तुम्हीच त्याला लावा. बंदी तुम्ही घातलीत, तुमच्या हातानं उठवा."

उठवतो की! मंगळवारी पावणेसातला बसलो. बंदीची यादी उघडली. प्रिंटर, सुधारणा, आणि तळाशी गोलात एक हसरा मुलगा. दाबलं, बंदी उठवा. चौकट आली, "हा बदल करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. प्रशासकाला विचारा."

गेलो स्वयंपाकघरात. "अगं, जरा परवानगी हवी होती."

"कसली?"

"पोरीच्या त्या... ह्याला आत घ्यायची."

ही भाजी चिरता चिरता म्हणाली, "त्याला? माझ्या खात्यावर तो कालपासून आहे. दुपारी तुम्ही घोरत होतात तेव्हा तासभर बोललो आम्ही. त्याच्या आईशीही. चांगली माणसं आहेत. अडलंय ते तुमचंच."

आली, हात पुसले, सांकेतिक शब्द घातला. मला म्हणते, "तिकडं बघा." बघितलं तिकडं! माझ्या घरात, मी, भिंतीकडं तोंड करून!

सात वाजले. मी ताठ बसलो, कॉलर नीट केली, जोडणीचं बटण दाबलं. आणि पडद्यावर आलं, "समोरची व्यक्ती तुम्हाला आत घ्यायचे की नाही ते ठरवत आहे. कृपया थांबा."

थांबलो. करतो काय? चार मिनिटं. तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षांत एवढा वेळ मला कुठलंच दार उघडायला लागला नव्हता.